मागे बघण्याचं भाडं

जनरेटर बंद केलात ना? बरं केलंत. आता मला त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायला नको. तो दिवा इकडे सरकवा आणि गुमान बसा. ब्रॉडी, हसू नकोस. उद्या या रस्त्यावर तुझीच गाडी पहिली बंद पडणार आहे, तुझं चालवणं बघितलंय मी. पडलीच, तर ओढून न्यायचा पट्टा कोणाच्या गाडीला लावतोस ते बघून लाव. मी जे सांगतोय ते गार्थ पास्कोचं आहे, त्याच्या तोंडून ऐकलेलं. शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

गार्थ तुम्हाला माहीत आहे. विंडोराचा, बोअरचे पंप दुरुस्त करतो तो. कामाला वाघ, पण कवडीचुंबक. पबमध्ये दुसऱ्याने पाजली तर पितो, आपल्यावर पाळी आली की त्याला घरचं काम आठवतं. बायको गेल्यापासून घरात दोघंच, तो आणि त्याची मुलगी टॅम्सिन. पोरगी नर्सिंग शिकली, आणि लाँगरीचच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. ऑस्ट्रेलिया डेच्या आधीचा शनिवार. बर्ड्सव्हिलच्या बाजूला एका गुरांच्या रानात पंप बसवायचा होता. टॅम्सिन म्हणाली, "बाबा, मी येते. परत कधी तुझ्या हाताखाली काम करणार?" म्हणून दोघं गेले. काम झालं, दुपारी परत निघाले. पिकअपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये पाइप आणि काढलेला जुना पंप. विंडोरा अजून पावणेतीनशे किलोमीटर असताना गाडीत जळका वास आला, डॅशबोर्डमधून धूर निघाला आणि सगळं वायरिंग जळून गेलं. इंजिन गेलं, दिवे गेले, हॉर्न गेला, रेडिओ गेला. गाडी आपली रस्त्याच्या कडेला जाऊन निपचित पडली.

ऊन असं, की दाराच्या कडीला हात लावायची सोय नाही. दोघं ट्रेलरच्या सावलीत बसले. तासाभराने समोरून ब्लूईचा ट्रक आला, तीन डब्यांचा. तो चालला होता बर्ड्सव्हिलला, म्हणजे उलट दिशेला.

"काय गार्थ्या, सहलीला आलास?" ब्लूई वरूनच ओरडला.

"वायरिंग जळलं."

"जळणारच. तुझ्या गाडीचं वय झालंय. तुझंही झालंय, पण तुला निदान आत वायरी नाहीत."

ब्लूईकडे सॅटेलाइट फोन होता. त्याने टोइंगवाल्याला लावून दिला. पलीकडचा माणूस झोपेतून उठल्यासारखा बोलत होता. साडेचार हजार डॉलर. आधी कार्डाचा नंबर, मग ट्रक हलणार. आणि हलणार तोही उद्या दुपारी.

"साडेचार हजार?" गार्थ फोनमध्ये किंचाळला. "मला गाडी ओढून न्यायचीय, तिचं लग्न नाही लावायचं!"

"इतक्या लांब यायचं, इतक्या लांब ओढत न्यायचं. डिझेलऐवजी टाकीत धूळ भरू का?"

"मग राहू दे."

"राहू दे तर राहू दे," म्हणून त्याने फोन ठेवला.

टॅम्सिनने कपाळाला हात लावला. "बाबा, माझ्या पगारातून कापून घे ना. माझा सोमवार जाईल."

"काही जात नाही. उद्या सकाळी कोणीतरी ओळखीचा येईलच. ओळखीचा माणूस पैसे घेतो का?"

ते मात्र खरं. आपल्याकडे रस्त्यात अडलेल्याकडून कोणी पैसे घेत नाही. विचारायचंही नसतं. विचारलं तर समोरच्याचा अपमान. ओढून आणणाऱ्याच्या दारात दोन दिवसांनी बियरचा एक खोका ठेवायचा, दार वाजवायचं नाही, निघून यायचं. झाला हिशोब.

ब्लूईने त्यांना पाण्याचा कॅन दिला, खायला दिलं. जाताना म्हणाला, "पोरीला तरी माझ्याबरोबर पाठव. बर्ड्सव्हिलला पंख्याखाली झोपेल."

"त्याला एकट्याला टाकून?" टॅम्सिन म्हणाली. "हा इथे मरेल पण कोणाला हाक मारणार नाही. हाक मारायला पैसे पडतील या भीतीने."

ब्लूई हसत हसत गेला. धूळ बसली. मग अंधार पडला. चंद्र नव्हता त्या रात्री.

नऊ-साडेनऊला मागून दिवे आले. पिवळट, जुन्या गाड्यांचे असतात तसे. एक जुनाट पिकअप त्यांना ओलांडून पुढे गेली आणि बरोबर पट्ट्याच्या अंतरावर थांबली. कोणी उतरलं नाही. गार्थ खिडकीपाशी गेला. आत एक माणूस, डोक्यावर हॅट. तो समोर रस्त्याकडे बघत होता.

"बंद पडली?" त्याने विचारलं. समोर बघतच.

"हो. विंडोराला जायचंय."

"पट्टा आहे?"

"आहे."

"लाव."

इथे आपल्यातला कुठलाही माणूस मुकाट्याने पट्टा लावायला गेला असता. पण गार्थ तो गार्थच. साडेचार हजार त्याच्या कानात अजून वाजत होते. त्याने विचारलं, "किती घेशील?"

"बाबा!" टॅम्सिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या माणसाने हॅट जरा पुढे ओढली. मग म्हणाला, "पैसे नकोत. पोरगी पुढे बसू दे."

गार्थ ताठ झाला. "कशाला?"

"धूळ असते. मी मागे बघत नाही. मागे बघणारं कोणीतरी लागतं मला."

आता यात वावगं काही नाही. ज्याने मातीच्या रस्त्यावर पट्ट्याने गाडी ओढलीय त्याला विचारा. पुढच्याला आरशात धुळीशिवाय काही दिसत नाही. पट्टा तुटला तरी कळत नाही. कोणीतरी शेजारी बसून मागे लक्ष ठेवलेलं बरं असतं. गार्थला ते पटलं. आणि खरं सांगू? फुकट म्हटल्यावर त्याचं डोकं चालायचंच थांबलं. मला म्हणाला, "मी त्याचं तोंडसुद्धा नीट बघितलं नाही. माझी पोरगी मी त्याच्या गाडीत बसवली आणि मनात म्हटलं, साडेचार हजार वाचले."

ट्रेलर तिथेच सोडला. गार्थने पट्टा लावला, टॅम्सिनला म्हणाला, "काही वाटलं तर हात हलव," आणि आपल्या मेलेल्या गाडीत जाऊन बसला.

पट्ट्याने ओढून नेणं तुम्हाला सोपं वाटत असेल. मागच्याचं मरण असतं ते. इंजिन बंद, म्हणजे स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखा दाबावा लागतो. पट्टा सैल पडू द्यायचा नाही, कारण सैल पडला की पुढचा झटका बसतो आणि तुटतो. म्हणून सारखा ब्रेकवर पाय. काचेवर खडे येतात. खिडकी उघडावी तर धूळ, बंद करावी तर घाम. पुढचा जाईल तिकडे जायचं. पुढचा थांबेल तेव्हा थांबायचं. आपल्या हातात काही नाही.

पुढच्या गाडीच्या आत, छताला, एक मिणमिणता दिवा लागलेला होता. त्या उजेडात गार्थला हॅट दिसत होती आणि टॅम्सिन दिसत होती. ती सीटवर उलटी, गुडघ्यांवर बसली होती, मागच्या काचेला तोंड करून. तिने अंगठा वर केला. गार्थनेही केला. अंधारात तिला तो दिसला की नाही, देव जाणे.

पहिले काही तास बरे गेले. अधूनमधून धूळ यायची, पुढचं सगळं पुसलं जायचं, मग वारा यायचा आणि परत ती दिसायची. तशीच, काचेला तोंड करून. तिचे ओठ हलायचे. गप्पा मारते आहे, असं गार्थला वाटलं. बडबडी आहेच ती.

मग उजवीकडे लांब दिवे दिसले. विंडोराचे. गार्थचा जीव भांड्यात पडला. आता वळेल, मनाशी म्हणाला. पुढची गाडी वळली नाही. दिवे उजवीकडून मागे सरकत गेले.

फाटा चुकला असेल. पुढे जाऊन वळेल.

ती वळली नाही. उलट रस्ताच खडबडीत झाला. कडेचे पांढरे खांब दिसेनासे झाले. दोन्ही बाजूंनी झुडपं गाडीला घासायला लागली. पन्नास वर्षांपूर्वी गुरं न्यायचे तो जुना माग असावा. विंडोराचे दिवे मागच्या काचेत एवढेसे झाले. मग गेले.

गार्थने हॉर्न दाबला. हॉर्न मेलेला. दिव्याचं बटण दाबलं. दिवे मेलेले. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, तर तोंडात माती गेली.

धूळ विरली. टॅम्सिन दिसली. तिचा हात काचेवर टेकलेला होता. पंजा उघडा. ओठ हलत होते. सारखे हलत होते. आणि डोळे त्याच्यावर.

तेव्हा त्याला कळलं आपण कशात अडकलोय. जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबेल. पण पट्टा तुटेल. पट्टा तुटला की तो माणूस पुढे निघून जाईल. पोरीला घेऊन. आणि मागे बघणारही नाही.

नाही मारला, तर तो नेईल तिकडे जायचं.

ब्रॉडी, तू काय केलं असतंस?... नको, सांगू नकोस.

गार्थने पट्टा जपला. जो पट्टा त्याला ओढून नेत होता, तोच. कारण पोरीचं आणि त्याचं नातं उरलं होतं ते तेवढंच. हातांना गोळे आले. ब्रेकवरचा पाय बधिर झाला. खड्डा आला की पट्टा सैल पडायचा, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मग परत ताठ. परत तिचा चेहरा.

तो रडत होता. मला सांगताना लाजला नाही. बंद गाडीत एकटा बसून काचेकडे बघत ओरडत होता, "साडेचार देतो. थांब. दहा देतो. घर घे माझं. अरे गाडी घे, सगळं घे, थांब रे..."

ज्याने उभ्या जन्मात कोणाला एक बियर पाजली नाही, तो अंधारात बोली लावत होता. ऐकायला कोणी नव्हतं.

किती वेळ गेला त्याला माहीत नाही.

धूळ.

चेहरा.

धूळ.

चेहरा... आणि या वेळी ओठ हलत नव्हते.

ती नुसती बघत होती. सरळ त्याच्याकडे. खूप वेळ बघितलं तिने. मग हळूच मान हलवली. नाही, अशी. आणि तोंड वळवून त्या माणसाला काहीतरी म्हणाली.

एकच वाक्य.

पुढचे लाल दिवे भडकले. गार्थ दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. गाडी फरफटत गेली आणि पुढच्या गाडीच्या मागे टेकता टेकता थांबली.

सगळं शांत.

आतला दिवा विझला.

दार उघडलं. कोणाचं ते दिसेना. पावलं वाजली. जड बूट. खड्यांवर.

पावलं त्याच्याकडे येत होती.

गार्थला दार उघडायचं होतं. हात उचलेना. पावलं खिडकीशी आली. हॅट दिसली. त्याच्या आणि त्या माणसाच्या मध्ये फक्त काच. वितीचं अंतर. गार्थ तिथे बसलेला, जिवंत, श्वास घेत असलेला...

तो माणूस थांबला नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही. तसाच गार्थच्या गाडीच्या मागे गेला, आल्या वाटेने. आणि मग आवाज आला.

"रॉय?"

हळू. घरातल्या माणसाला उठवतात तसा.

"रॉय?..."

मग मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. पावलं पळायला लागली. हाक लांब लांब जात राहिली.

दुसऱ्या बाजूच्या काचेवर धबाधब हात पडले. गार्थ किंचाळला. टॅम्सिन होती. त्याने तिला आत ओढलं, दारं लावली आणि असं कवटाळलं की दुसऱ्या दिवशी तिच्या दंडावर वळ होते.

"काय केलं त्याने तुला?"

"काही नाही."

"काय बोललीस तू त्याला?"

"उजाडल्यावर सांगते, बाबा. आता नको."

उजाडेपर्यंत हाक येत होती. कधी अगदी बारीक. झोप कोणाला लागणार?

उजाडलं तेव्हा पुढे गाडी नव्हती. गार्थचा पट्टा जमिनीवर सरळ पडलेला, टोकाचा हूक मातीत. बाकी काही नाही. विंडोरा मागे वीसेक किलोमीटर राहिलं होतं.

टॅम्सिनने सांगितलं ते असं. तो माणूस वाईट नव्हता. आवाजसुद्धा मऊ होता. निघाल्यापासून तो एकच विचारत होता, "आहे का मागे?" ती बघायची, म्हणायची, "आहे." थोड्या वेळाने परत, "आहे का?" "आहे." धुळीत बाप दिसेनासा झाला की तिचाच जीव वर यायचा, म्हणून काचेला हात लावून शोधत बसायची. तिने विचारलं, "स्वतः का नाही बघत?" तर म्हणाला, एकदा असाच भावाला, रॉयला, ओढून आणत होतो. जानेवारी होता. पट्टा कुठे तुटला कळलं नाही, विंडोराला पोहोचून मागे बघितलं, तर पट्ट्याला कोणी नाही. आणि दोघांचं पाणी माझ्या गाडीत.

एवढंच म्हणाला.

गावाचे दिवे आले तेव्हा ती म्हणाली, "थांबा, हेच आमचं गाव." तो म्हणाला, "थांबलो की तो मागे नसतो." तेव्हा तिच्या लक्षात आलं. हा थांबणारच नाही. ती "आहे" म्हणत राहील तोवर हा चालवत राहील. आणि बाप मागे किती तग धरेल? मागच्या लाल दिव्यांच्या उजेडात त्याची मान कलायला लागलेली तिला दिसत होती.

मग तिने ते केलं. बापाच्या डोळ्यात बघत म्हणाली, "नाहीये. मागे कोणीच नाहीये."

"त्याने आपल्याला पावणेतीनशे किलोमीटर फुकट आणलं, बाबा," ती म्हणाली. "एक पैसा मागितला नाही. फक्त खरं सांग म्हणाला. आणि मी त्याला काय दिलं?"

गार्थने उतरून मातीतला पट्टा गुंडाळून घेतला.

रविवारी ते ब्लूईच्या कॅनमधल्या पाण्यावर चालत गावात पोहोचले, आणि सोमवारी तिला लाँगरीचला मीच सोडलं. मंगळवारी गार्थ माझ्याकडे आला. ट्रेलर आणायचा होता. माझ्या गाडीत बसण्याआधी पबमध्ये गेला आणि बियरचा खोका घेऊन आला. स्वतःच्या पैशाने. मी चेष्टा करणार होतो, पण त्याचं तोंड बघून राहू दिली. "कोणाच्या दारात ठेवणार?" एवढंच विचारलं. "बघू," म्हणाला.

दुपारी टळटळीत उन्हात पोहोचलो. शनिवारपासून त्या रस्त्यावर कोणी थांबल्याचं ऐकिवात नव्हतं. ब्लूईला मी नंतर विचारलं, तो तोवर बर्ड्सव्हिलहून परतलाच नव्हता. ट्रेलर जागेवर होता. पाइप होते, पंप होता. कशाला हात लागलेला नव्हता.

ट्रेलरच्या दांडीला जाड कॅनव्हासची एक पिशवी टांगलेली होती. माझ्या आजोबांच्या वेळी पाण्यासाठी वापरायचे तशी. आता कोणाकडे नाहीत तसल्या. गार्थ तिच्यासमोर उभा राहिला. मग त्याने हॅट काढली.

पिशवी पाण्याने तोंडापर्यंत भरलेली होती. आणि तिच्यातून खाली मातीत पडलेले थेंब अजून सुकलेले नव्हते.